पाच व्होल्टांचा लगाम : रेडिओ-नियंत्रित गाडीतील रेग्युलेटरचा इतिहास

रेडिओवर चालणारी गाडी हाताबाहेर गेली की दोष पहिल्यांदा रेडिओला लागतो. लहरी पोहोचल्या नाहीत, शेजारच्याचा ट्रान्समीटर त्याच फ्रिक्वेन्सीवर होता, अँटेना तुटली, अशी कारणे सांगितली जातात. पुष्कळदा खरा अपराधी मात्र गाडीच्या पोटात असतो : बॅटरीचा विद्युतदाब उतरवून रिसीव्हर आणि सर्व्हो यांना पाच-सहा व्होल्ट पुरवणारा रेग्युलेटर. हा धागा त्या दुर्लक्षित तुकड्याचा. तो कसा निवडावा, हा प्रश्न आज प्रत्येक नवशिक्या छांदिष्टाला पडतो. त्याचे उत्तर अनेक दशकांत टप्प्याटप्प्याने तयार होत गेले आणि त्यातील जवळजवळ कोणताही टप्पा खेळण्यांसाठी म्हणून घडलेला नाही.

आरंभ निकोला टेस्लापासून करावा लागतो. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात त्याने पाण्याच्या हौदात एक छोटी होडी तारेवाचून चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला ६१३८०९ क्रमांकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. होडीत बॅटऱ्या होत्या, सुकाणू फिरवणारी यंत्रणा होती, दिवे होते, रेग्युलेटर नव्हता. त्याची गरजही नव्हती. लहरींची चाहूल घेणारे साधन म्हणजे धातूच्या कणांनी भरलेली कुपी, आणि तिच्या इशाऱ्यावर चालणारा रिले. विद्युतदाब थोडा वर-खाली झाला तरी रिलेला त्याचे सोयरसुतक नसते. तो एक तर ओढला जातो, नाही तर ओढला जात नाही.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे चित्र फारसे बदलले नाही. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये अमेरिकेत रेडिओवर चालणारे प्रतिरूप विमान यशस्वीपणे उडवले, तेव्हा रिसीव्हरमध्ये निर्वात नळ्या होत्या. नळीला दोन वेगळ्या बॅटऱ्या लागत : आतली तार तापवण्यासाठी दीड व्होल्टांच्या आसपासची एक, आणि प्लेटसाठी पंचेचाळीस किंवा त्याहून अधिक व्होल्टांची दुसरी. प्रत्येक कामाला स्वतंत्र बॅटरी हाच त्या काळचा रेग्युलेटर. वजन वाढे, पण एका बॅटरीचे दुखणे दुसरीला लागत नसे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढे नेमके हेच सुख गमावले गेले.

ट्रान्झिस्टर आले आणि उंच विद्युतदाबाची गरज संपली. १९६० च्या दशकात ‘प्रपोर्शनल’ नियंत्रण आले. खटका जितका दाबावा तितकेच चाक वळावे, अशी ही व्यवस्था. सर्व्होला दर सेकंदाला पन्नासच्या आसपास स्पंदने पाठवायची. स्पंदनाची लांबी एक मिलिसेकंद असेल तर एका टोकाला, दोन असेल तर दुसऱ्या टोकाला, दीड असेल तर मध्यभागी. ही भाषा आजही तीच आहे. तिच्यासोबत एक आकडाही रूढ झाला. निकेल-कॅडमियमचे चार सेल एकापुढे एक जोडले की ४.८ व्होल्ट मिळतात. सर्व्हो आणि रिसीव्हर त्या दाबावर चालतील असे बांधले गेले. साध्या कोरड्या सेलचे चार नग बसवले तर सहा व्होल्ट, तेही चालत. ‘४.८ ते ६’ ही मर्यादा आजही असंख्य सर्व्होंच्या खोक्यांवर छापलेली दिसते. तिचे मूळ कोणत्याही सिद्धान्तात नसून चार सेलच्या त्या पुडक्यात आहे.

याच काळात गाड्या आल्या. इटलीच्या एल-जी कंपनीने १९६६ च्या सुमारास रेडिओ-नियंत्रित फेरारी विकायला काढली. परंतु हा छंद घरोघरी नेण्याचे श्रेय जपानच्या तामिया कंपनीला द्यावे लागेल. १९७६ साली तिने पोर्शे ९३४ ची एक बारांश आकाराची गाडी बाजारात आणली. (या पोर्शेच्या तयारीत कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती. खेळण्यासाठी एवढी हौस करणारे लोक विरळाच.) १९७९ च्या सँड स्कॉर्चर या वाळूतल्या गाडीत रेडिओचे सामान पाण्यापासून जपण्यासाठी पारदर्शक बंद पेटीत ठेवले होते.

या पिढीच्या गाड्यांत वेग नियंत्रित करण्याची पद्धत रांगडी होती. एक सर्व्हो धातूचा सरकता संपर्क हलवी आणि मोटरच्या वाटेत जाड तारेचा रेझिस्टर कमी-अधिक आणी. हळू चालवायचे म्हणजे उरलेली शक्ती रेझिस्टरमध्ये जाळायची. तो इतका तापे की बोट लावण्याची सोय नसे. मोटरला ७.२ व्होल्टांची मोठी बॅटरी, आणि रिसीव्हर-सर्व्होंना चार सेलचा वेगळा डबा. म्हणजे गुड बंधूंचीच व्यवस्था, नव्या वेषात.

मग कोणाला तरी तो वेगळा डबा खुपू लागला. चार सेलचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि शर्यतीच्या गाडीत शंभर ग्रॅम म्हणजे मोठी गोष्ट. शिवाय डब्यातले सेल कधी संपतील याचा नेम नाही. एकाच बॅटरीवर सर्व काही चालवावे, या इच्छेतून १९८० च्या दशकात ‘बॅटरी एलिमिनेटर सर्किट’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘बीईसी’, रूढ झाले. सर्वांत गरीब उपाय डायोडचा. सिलिकॉनच्या डायोडमधून प्रवाह गेला की सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. दोन डायोड ओळीने लावले की ७.२ चे ५.८ होतात. पण ताजी भरलेली सहा सेलची बॅटरी आठ व्होल्टांच्याही वर असते आणि संपत आलेली सहाच्या खाली. डायोड दोन्ही वेळी तेवढेच कापतो. त्याला नियमन म्हणत नाहीत. ती नुसती कपात झाली. खरा रेग्युलेटर तोवर दुसऱ्याच क्षेत्रात तयार होऊन पडलेला होता.

त्या क्षेत्राचे नाव संगणक. १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेने पाच व्होल्टांवर चालणारे तर्कपरिपथ सर्वत्र पोहोचवले. मोठ्या यंत्रांत एका मध्यवर्ती ठिकाणाहून पाच व्होल्ट वाटायचे म्हटले तर तारांतच दाब गळून जाई. प्रत्येक कार्डावर स्वतःचा छोटा रेग्युलेटर असावा, ही गरज निर्माण झाली. अडचण अशी की तोपर्यंतच्या चिपमध्ये संदर्भ-दाबासाठी झेनर पद्धतीचा डायोड वापरत, आणि तो सहा-सात व्होल्टांवर काम करी. पाच व्होल्ट मोजण्यासाठी सात व्होल्टांची फूटपट्टी, असा हा प्रकार. फूटपट्टीला जागा करून देण्यासाठी आत येणारा दाब आणखी वर हवा.

बॉब विडलर या विक्षिप्त अभियंत्याने ही गाठ सोडवली. (१९७० मध्ये कंपनीने हिरवळ कापण्याच्या खर्चाला कात्री लावली, तेव्हा हा गृहस्थ स्वतःच्या गाडीतून मेंढी घेऊन आला आणि तिला कार्यालयापुढच्या गवतात चरायला बांधले. सिलिकॉन व्हॅलीत ही कथा आजही सांगतात. सांगता-सांगता मेंढीची बकरी झाली आहे, एवढेच.) नॅशनल सेमीकंडक्टरसाठी त्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस एलएम १०९ ही चिप रचली. फेअरचाइल्डच्या डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये मांडलेली एक कल्पना तिने व्यवहारात आणली. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधला दाब तापमान वाढले की दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. दोन ट्रान्झिस्टरांतून वेगवेगळ्या घनतेचे प्रवाह सोडले तर त्यांच्या दाबांतला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. घटणारे आणि वाढणारे योग्य प्रमाणात मिळवले की बेरीज १.२ व्होल्टांच्या आसपास स्थिर राहते. सातऐवजी सव्वा व्होल्टाची फूटपट्टी मिळाली आणि आत सात व्होल्ट आले तरी बाहेर पाच देता येऊ लागले.

एलएम १०९ ला तीनच जोडण्या होत्या : आत, बाहेर, जमीन. प्रवाह अति झाला तर ती स्वतःला आवरी आणि फार तापली तर स्वतःला बंद करून घेई. १९७० च्या दशकाच्या आरंभी फेअरचाइल्डने ७८०० मालिका काढली. शेवटचे दोन आकडे म्हणजे बाहेर मिळणारा दाब. पाच व्होल्टांची ती ७८०५. रेडिओ दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात मिळणारी, स्वस्त, चुका पोटात घालणारी. छांदिष्टांच्या हाती ती पडली तेव्हा एक सुखद योगायोग जुळून आला. संगणकवाल्यांना पाच व्होल्ट हवे होते ते तर्कपरिपथांसाठी, आणि खेळण्यांच्या सर्व्होंना ४.८ लागत होते ते चार सेलमुळे. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी येऊन बसले.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते, कारण इथे माणसे आणि भिंती धोक्यात येतात.

७८०५ ला आपले काम नीट करायचे तर एक अँपिअरच्या प्रवाहाला आत-बाहेरच्या दाबांत सुमारे दोन व्होल्टांचे अंतर लागते. म्हणजे आत निदान सात व्होल्ट हवेत. बॅटरी ७.२ ची. कागदावर जमते. पण मोटरने जोराची उसळी घेतली की कित्येक दहा अँपिअर ओढले जातात, सेलच्या अंतर्गत रोधामुळे बॅटरीचा दाब क्षणात सहावर, कधी त्याखाली येतो. रेग्युलेटर मग नियमन सोडून देतो आणि जे येईल त्यातून आपले दोन व्होल्ट कापून उरलेले पुढे ढकलतो. चार व्होल्टांवर रिसीव्हर गोंधळतो. सर्व्हो अर्धवट थरथरतो किंवा आहे तिथे अडकतो.

आता रेझिस्टरवाली जुनी रचना आठवावी. वेगाचा सरकता संपर्क सर्व्होच्या हाती. रिसीव्हर मूर्च्छित झाला तेव्हा तो संपर्क कुठे होता? पूर्ण वेगावर; कारण पूर्ण वेगामुळेच तर दाब कोसळला. सर्व्हो आतल्या दंतचक्रांमुळे जिथल्या तिथे राहतो. मोटरला बॅटरी थेट जोडलेली असल्याने ती धावत राहते, दाब वर येऊ देत नाही, आणि रिसीव्हर शुद्धीवर येत नाही. चालवणारा खटका सोडतो, ब्रेक लावतो, ओरडतो. गाडी सरळ जात राहते. ती कशाला तरी आदळून थांबली तर अडलेली मोटर आणखी प्रवाह ओढते. उपाय एकच, धावत जाऊन स्विच बंद करणे. वेगळ्या चार सेलच्या डब्यावर हा अपघात घडणे शक्य नव्हते. शंभर ग्रॅम वाचवले त्याची ही किंमत.

सुटका झाली ती खऱ्या मोटारींमुळे. कडाक्याच्या थंडीत मोटारीचा स्टार्टर फिरतो तेव्हा बारा व्होल्टांची बॅटरी सहाच्या आसपास येऊ शकते. १९७० च्या दशकापासून मोटारींत इलेक्ट्रॉनिक्स शिरू लागले होते आणि इंजिन सुरू होण्याच्या त्याच क्षणी त्या परिपथांना पाच व्होल्टांची गरज होती. नॅशनलच्याच रॉबर्ट डॉबकिन यांनी १९७७ मध्ये कमी अंतरावर काम करणाऱ्या रेग्युलेटरवर लेख लिहिला. त्यानंतर मोटारींसाठी एलएम २९३० आणि एलएम २९४० सारख्या चिप आल्या. यांत प्रवाह वाहून नेणारा ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा असतो. त्यामुळे एक अँपिअरला अर्धा व्होल्ट अंतर पुरते. बॅटरी साडेपाच-सहावर आली तरी बाहेर पाच टिकतात. बॅटरी उलटी जोडली तरी चिप जळत नाही, हा आणखी एक लाभ. घाईत जोडणी करणाऱ्या शर्यतवाल्यांना तो फार उपयोगी पडला. इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आले तेव्हा त्यांच्या पोटात याच जातीचे रेग्युलेटर बसले. जपून वापरण्याची एकच अट : बाहेरच्या बाजूला सांगितलेल्या मापाचा कपॅसिटर हवाच. तो वगळला किंवा भलताच लावला तर ही चिप स्थिर राहत नाही, दाब थरथरू लागतो. ७८०५ याबाबतीत अधिक सोशिक.

उष्णतेचा प्रश्न मात्र दोन्हींत सारखाच राहिला. या प्रकारचा रेग्युलेटर जादा दाब जाळून टाकतो. जळणारी शक्ती म्हणजे दाबांतला फरक गुणिले प्रवाह. ७.२ वरून पाचवर एक अँपिअर घेतला तर २.२ वॅट. एवढे सोसवते, पण हीटसिंक नसेल तर उन्हाळ्यात चिप दीडशे अंशांकडे सहज झुकते. आणि मग विडलरने मोठ्या हुशारीने घातलेली ती सोय जागी होते : चिप स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. संगणकाच्या कार्डावर ही सोय वरदान होती. धावत्या गाडीत तिचा अर्थ असा की चिप वाचते आणि गाडी जाते. पाण्यापासून जपलेल्या बंद पेटीत वारा नसतो, म्हणून तिथे हे अधिक लवकर घडते.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढच्या दशकात लिथियम-पॉलिमर सेल छांदिष्टांपर्यंत पोहोचले. एका सेलचे ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन सेलचे पुडके भरलेले असताना १२.६ व्होल्ट देते. आता हिशेब करून पाहावा. डिजिटल सर्व्हो आल्यापासून तीन अँपिअरची मागणी नवलाची राहिलेली नाही. १२ वरून ५ वर तीन अँपिअर म्हणजे सात गुणिले तीन, २१ वॅट उष्णता. आणि सर्व्होंना मिळाले १५. काडीपेटीएवढ्या जागेत सोल्डरिंगची इस्त्री पेटवून ठेवण्यासारखे हे आहे. या मार्गाचा इथे शेवट झाला.

दुसरा मार्ग जुनाच होता. जादा दाब जाळण्याऐवजी प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडायचा-जोडायचा, आणि कॉईल, डायोड, कपॅसिटर यांच्या साहाय्याने तो सपाट करायचा. सिलिकॉन जनरलच्या रॉबर्ट मॅमानो यांनी १९७० च्या दशकाच्या मध्याला एसजी १५२४ ही नियंत्रक चिप दिली. पुढे एलएम २५७६ सारख्या चिपने हे काम चार-पाच भागांवर आणले; ती सेकंदाला ५२ हजार वेळा तोड-जोड करते. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर वरच्या उदाहरणात २१ वॅटऐवजी पावणेचार वॅट वाया जातात, आणि बॅटरीतून तीन अँपिअरऐवजी साधारण १.६ ओढले जातात. छंदाच्या बाजारात याला ‘स्विचिंग बीईसी’ किंवा ‘यूबीईसी’ म्हणतात.

तरीही जुन्या मंडळींनी ते काही वर्षे नाकारले, आणि त्यांचा नकार निव्वळ हेकटपणा नव्हता. तोड-जोड करणारा परिपथ म्हणजे एक छोटा, बेशिस्त ट्रान्समीटर. त्याच्या मूळ कंपनसंख्येच्या पटी वर चढत जातात, आणि त्या काळच्या गाड्यांचे रिसीव्हर २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झवर कान लावून बसलेले. म्हणून तारा फेराइटच्या कड्यातून गुंडाळून घ्यायच्या, बीईसी अँटेनापासून दूर ठेवायचे, असे पथ्य आले. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच पसरले आणि हा गोंगाट फार खाली राहून गेला.

नव्या संचांनी दुसरे दुखणे आणले. जुना रिसीव्हर दाब घसरला की अडखळे आणि दाब आला की लगेच सावरे. नव्यात मायक्रोप्रोसेसर असतो. क्षणभराची घसरणही त्याला मुळापासून पुन्हा सुरू व्हायला लावते आणि ट्रान्समीटरशी गाठ पुन्हा पडेपर्यंत वेळ जातो. दहा मिलिसेकंदांच्या चुकीला मग सेकंदांची शिक्षा होते. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर जाते. रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत काही हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खोचण्याची पद्धत यातूनच पडली. चांगल्या रेग्युलेटरची जागा तो घेत नाही, पण क्षणिक खड्डा बुजवतो.

निवड करणाऱ्यासमोर आज हा सारा वारसा एका छोट्या पाकिटात येतो. दोन सेलची बॅटरी, दोन हलके सर्व्हो : स्पीड कंट्रोलरमधले अंगचे बीईसी पुरेसे. तीन किंवा अधिक सेल, अथवा चाके वळवणारा एखादा ताकदवान सर्व्हो : स्विचिंगच हवे. प्रवाहाचा आकडा सरासरीवरून धरू नये. सर्व सर्व्हो एकाच वेळी अडले तर किती ओढतील, ते धरावे. पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा क्षणिक असतो, सलग पेलण्याचा आकडा बारीक अक्षरांत. बाहेरचा दाब ठरवताना साखळीतला सर्वांत नाजूक घटक पाहावा. ७.४ व्होल्टांचे सर्व्हो आता मिळतात. पण त्याच रिसीव्हरला सहाचा जुना सर्व्हो जोडलेला असेल तर तो जळेल. दोन मोटरांच्या गाडीत दोन स्पीड कंट्रोलर असतात आणि दोघांच्या पोटात बीईसी. दोन स्विचिंग बीईसी एकमेकांशी जोडली की ती दाबासाठी भांडतात. म्हणून एकाच्या तीन तारांच्या खटक्यातली मधली लाल तार बाहेर काढून चिकटपट्टीने गुंडाळून ठेवतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून महाविद्यालयीन स्पर्धांसाठी रोबो बांधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती हा इतिहास थोड्या वेगळ्या रूपात पडतो. मोटर चालवण्यासाठी लोकप्रिय असलेल्या लाल एल २९८ एन पाटीवर, मोठ्या काळ्या हीटसिंकच्या पायथ्याशी, ७८एम०५ बसलेली असते, म्हणजे ७८०५ चीच धाकटी बहीण. तिच्याजवळ दोन टाचण्यांवर एक छोटी टोपी घातलेली असते. बारा व्होल्टांहून अधिक दाब द्यायचा असेल तर ती टोपी काढावी आणि पाच व्होल्ट बाहेरून, वेगळ्या रेग्युलेटरमधून आणावेत, अशी सूचना आहे. तीन लिथियम सेल ताजे भरले की १२.६ व्होल्ट होतात, आणि ती टोपी तशीच राहिलेली असते.